डबीतलं गाव : प्रकल्प नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५

इंग्लंडमधल्या स्विंडन गावी कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात, तो बाजार) बुटांचं एक खोकं घेतलं. वर केसांच्या क्लिपा, मध्ये मान गेलेल्या बाहुल्या आणि तळाशी खरा माल: पॉली पॉकेटच्या दोन डब्या, म्हणजे उघडल्या की आत चिमुकल्या बाहुलीचं घर निघतं ती खेळणी (एक गोल गुलाबी, एक जांभळी, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची), मायटी मॅक्सची एक कवटी (तसलीच उघडणारी डबी, आत राक्षस) आणि मायक्रो मशीन्सचं, 'स्टार वॉर्स'मधल्या सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचं सोनेरी डोकं, जे उघडलं की आत त्याच सिनेमातली कँटिना, म्हणजे दारूचा गुत्ता निघतो. दहा पौंड सांगितले, दहा दिले. घासाघीस करायला तोंड उघडलं असतं तर आवाजावरूनच बाईंना कळलं असतं की मी वीसही दिले असते.

प्रकृती अशी: गुलाबी डबीचा खटका तुटलाय, झाकण लागतच नाही. बदामी डबीच्या बिजागरीतली काडी गायब आहे, कुणीतरी पुठ्ठ्याची चिकटपट्टी लावून भागवलंय. कवटी चिकट लागते. सी-थ्रीपीओ ठणठणीत आहे, फक्त सोनेरी मुलामा नाकावर उडालाय.

हेतू आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर हेही माळ्यावर जाईल. आधी या चारही वस्तू चालत्या करायच्या. मग त्यांच्याकडून शिकून माझ्या मुलीसाठी, ओवीसाठी, एक नवी डबी बनवायची. आतलं गाव कुठलं ते तिने सांगायचं. मी दिवसभर गाड्यांच्या दारांत लपणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांचे साचे डिझाइन करते. ज्याच्याकडे कुणीतरी बघेल असं काहीतरी करावंसं वाटणं साहजिक आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

धुलाई. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, कोपऱ्यांसाठी कापूस गुंडाळलेली टूथपिक. कागदी स्टिकरांना पाणी लागू दिलं नाही, त्यांच्यावरून फक्त कोरडा ब्रश. निघालेला ऐवज: चमकी, वाळलेलं नेलपॉलिश आणि इवल्याशा पलंगाच्या कोपऱ्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा. पॉलीचं जेवण झालेलं दिसत नाही.

गुलाबी डबीत बाहुली एकच आहे. उंची जेमतेम २ सेंटिमीटर. कमरेत वाकते, पायांखाली गोल चकती आहे, ती जमिनीतल्या गोल खाचांत बसते. अशा खाचा पलंगाशी, जिन्याच्या पायथ्याशी, आरशापुढे. म्हणजे बाहुली कुठे उभी राहू शकते हे आधीच ठरलेलं आहे. तरी लहानपणी हे बंधन कधी जाणवलं नाही. तेव्हा वाटायचं, या जागा तिच्या आवडीच्या आहेत.

कवटीतला राक्षस हेच चिकटपणाचं मूळ. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकलाही मऊ करतं. राक्षस बहुधा वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी आडवा पडून असावा, कारण जमिनीवर त्याच्या पोटाचा आकार विरघळून उतरलाय. ठसा तसाच ठेवणार. राक्षसाची रवानगी वेगळ्या पिशवीत.

शनिवार, १२ एप्रिल

आई ठाण्याहून आली आहे, सहा महिन्यांच्या व्हिसावर. टेबलावरचा पसारा बघून म्हणाली, "हे दादानं आणलेलं ना गं तुला?"

तिचा दादा म्हणजे माझा मामा, मर्चंट नेव्हीत होता. नव्वदच्या सुरुवातीला इंग्लंडच्या फेरीवरून त्याने माझ्यासाठी एक पॉली पॉकेट आणली आणि मामेभावासाठी मायटी मॅक्स. आमच्या वर्गात तेव्हा चैनीची हद्द म्हणजे बटणांची पेन्सिल बॉक्स: एक बटण दाबलं की शार्पनर उसळून बाहेर, दुसरं दाबलं की रबराचा खण. ती सगळ्यांकडे असायची किंवा असावी असं सगळ्यांना वाटायचं. पण पेन्सिल बॉक्स उघडली तरी पेन्सिल बॉक्सच राहायची. माझी डबी कंपासपेटीत मावायची आणि बाई फळ्याकडे वळल्या की बाकाखाली तिचं घर व्हायचं. पुढे घर बदलताना आईने ती कुणाला तरी देऊन टाकली. आज विचारलं तर म्हणे, "तू बारावीला होतीस, तुला कशाला हवी होती?" या प्रश्नाला उत्तर नाही.

त्या डबीच्या पाठीवरचं ब्लूबर्ड हे नाव मला तेव्हा पाठ होतं. ही कंपनी इथली, स्विंडनची, हे मात्र इथे नोकरीला आल्यावर कळलं. कल्पना ख्रिस विग्ज यांची. त्यांनी १९८३ मध्ये आपल्या मुलीसाठी पावडर कॉम्पॅक्टच्या डबीत चिमुकलं घर बसवलं. ब्लूबर्डने ते हक्क घेऊन १९८९ मध्ये दुकानांत आणलं. कंपनीचे संस्थापक टॉर्क्विल नॉर्मन. त्यांच्या सुरुवातीच्या खेळण्यांत एक मोठी पिवळी किटली होती, तीही आतून घर. म्हणजे वस्तूच्या पोटात घर ही खोड पॉलीच्या आधीची. स्वतः नॉर्मन साडेसहा फुटांच्या वर उंच. पुढे १९९६ मध्ये त्यांनी लंडनच्या कॅम्डनमधलं राउंडहाउस विकत घेतलं आणि ते दुरुस्त होऊन २००६ मध्ये पुन्हा सुरू झालं. मूळची ती १८४७ सालची रेल्वे इंजिनांची शेड, मधोमध इंजिन फिरवायची चकती असलेली. या माणसाला गोल आणि आतून फिरणाऱ्या गोष्टींचं वेडच असावं.

माझ्या दोन्ही डब्यांच्या पाठीवर १९८९ आहे. ते साल डिझाइनच्या हक्काचं. डबी त्यानंतरही निघालेली असू शकते, त्यामुळे त्यावरून वय ठरवत नाही.

रविवार, २० एप्रिल

ईस्टरची सुट्टी, चक्क ऊन. कवटीच्या संचातला एक पांढरा भाग पिवळा पडलाय. एबीएस प्लॅस्टिकमधल्या रबरासारख्या घटकावर अतिनील किरणांचा आणि हवेचा परिणाम होऊन असा पिवळेपणा येतो. उपाय: केस रंगवताना वापरतात ते १२ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम फासायचं, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. दर अर्ध्या तासाने फिरवायचं, नाहीतर डाग पडतात. हातमोजे घातलेच पाहिजेत.

पांढऱ्यापुरतं ठीक. गुलाबी आणि जांभळ्याला हे लावणार नाही, त्यांचा रंगच उतरेल. शिवाय हे कायमचं औषध नव्हे, पिवळेपणा परत येऊ शकतो.

बदामी डबीत पितळी तारेची काडी बसवली, दोन्ही टोकं कानसेने गोल केली. उघडझाप झकास. हिच्या तळाला एक छोटं चाक आहे, ते बोटाने फिरवलं की वरच्या अंगणात नाचाची चकती फिरते. ओवी अर्धा तास तेच करत बसली. आतल्या बाहुल्या हरवल्यात म्हणून तिने चकतीवर साबुदाण्याचे दाणे नाचवले.

रविवार, २७ एप्रिल

आजची नोंद लांब होणार. या खेळण्यांबद्दल मला जे समजून घ्यायचं होतं ते आज हाती लागलं.

प्रश्न साधा होता: डबी बंद असताना आत काय होतं? झाकणात जिना आणि वरची खोली, तळात पलंग, न्हाणीघर, झाड. बंद केल्यावर हे सगळं एकमेकांवर आदळत कसं नाही? गुलाबी डबीत आधी क्लिंग फिल्म अंथरली, त्यावर ओवीची मॉडेलिंग क्ले पातळ लाटून पसरली, वर पुन्हा क्लिंग फिल्म. झाकण हलक्या हाताने दाबून बंद केलं, उघडलं आणि क्लेचा ठसा अलगद बाहेर काढला.

ठशाच्या एका अंगाला पलंगाची उशी, दुसऱ्या अंगाला जिन्याच्या पायऱ्या. क्ले सगळ्यांत पातळ झाली ती खांबाच्या डोक्यावर, तिथे कॅलिपरने मोजली तर १ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तळातला खांब आणि झाकणातली भिंत यांच्यात एवढीच फट. तळात जिथे काही उंच आहे, तिथे झाकणात बरोबर त्या जागी खड्डा आहे. झाकणातला जिना बंद होताना पलंग आणि टब यांच्या मधल्या बोळात शिरतो. टबाच्या समोर झाकणात कमान आहे, ती शोभेची असेल असं मला आजवर वाटत होतं. ती टबासाठी केलेली जागा आहे.

नियम असा निघतो: बिजागरीपासून तळात जेवढं लांब, तेवढंच लांब झाकणात. अंगणाची पुढची कड बंद होताना आकाशाच्या वरच्या कडेला भेटते. म्हणूनच या डबीत आकाश सपाट आहे, नुसतं स्टिकर, आणि झाड अगदी पुढे लावलंय. त्याला वाढायला आकाशातली रिकामी जागा मिळते. बिजागरीजवळ मात्र सगळं बुटकं, कारण तिथे झाकण वरून न येता घासत, वळत येतं.

आता बाहुली. डबीतली मोकळी उंची तिच्या उंचीपेक्षा कमी आहे. उभी राहिली तर झाकण लागणार नाही. मला वाटतं तिच्या कमरेतला सांधा मुख्यतः यासाठीच असावा. ती सोफ्यावर बसते हा वरचा फायदा. बंद करण्याआधी प्रत्येकीला बसवावं लागायचं, हे मला बोटांनीच आठवलं. पलंगावर निजवायचं किंवा खुर्चीत बसवायचं आणि मग टक्.

आई ठसा हातात घेऊन बराच वेळ बघत होती. म्हणाली, "भातुकलीत हेच नव्हतं बघ. मांडायची हौस, आवरायचं रडू. आवरताना अर्धी भांडी सोफ्याखाली." मला पटलं. या खेळण्यात आवरणं हाच खेळाचा शेवटचा डाव आहे आणि सगळं डिझाइन त्या डावासाठी केलंय.

१९९८ हे साल या बाबतीत वाईटच. त्या वर्षी मॅटेलने ब्लूबर्ड घेतली आणि मायक्रो मशीन्स काढणारी गॅलूब हॅस्ब्रोकडे गेली. पॉली मोठी झाली, तिला रबरी कपडे आले, ती फॅशनची बाहुली झाली. खपली असेल, तक्रार नाही. पण बाहुली मोठी झाली की हा मिलिमीटरचा हिशेबच संपतो. २०१८ मध्ये डबी परत आली. ओवीच्या मैत्रिणीकडे एक आहे, बाहुली थोडी मोठी आणि लवचीक. छान आहे. मी तिचाही ठसा घेणार होते, ओवीने डोळे वटारले.

शनिवार, ३ मे

ओवीला विचारलं, कुठलं गाव? मला वाटलं होतं आजीचं ठाणे, तलावपाळी वगैरे. क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "मॅजिक राउंडअबाउट."

स्विंडनबाहेरच्या वाचकांसाठी: हा इथला १९७२ सालचा चौक. मध्ये एक मोठं वर्तुळ, भोवती पाच छोटी वर्तुळं. छोट्या वर्तुळांभोवती वाहनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातात, तशी ती ब्रिटनमध्ये सगळीकडेच जातात. पण त्यामुळे मधल्या वर्तुळाभोवतीची वाहतूक उलटी, काट्यांच्या विरुद्ध फिरते. फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक तज्ज्ञाची ही रचना. शेजारी काउंटी ग्राउंड, स्विंडन टाउनचं फुटबॉल मैदान. आईला पहिल्यांदा तिथून नेलं तेव्हा तिने चौक पार होईपर्यंत डोळे मिटून घेतले होते.

रात्री अंथरुणात लक्षात आलं आणि उठून बसले. मध्ये एक गिअर, त्याच्याभोवती त्याला लागून पाच गिअर. मधला एका दिशेने फिरला की पाचही उलट दिशेने. पाच काट्यांप्रमाणे, मधला काट्यांविरुद्ध. चौकाची वाहतूक हीच मुळी गिअरपेटी आहे! पोरीने सहज सांगितलेली गोष्ट इतकी बेमालूम बसेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, ११ मे

आकडे.

गिअर मॉड्यूल (दातांच्या आकाराचं माप) १, दाते २०, सहाही सारखे. दात जिथे भिडतात त्या वर्तुळाची त्रिज्या १० मिमी, दातांच्या टोकापर्यंत ११. मधल्या गिअरपासून प्रत्येक बाहेरचा २० मिमीवर. दोन शेजाऱ्यांच्या केंद्रांमध्ये २३.५ मिमी येतात आणि दोघांना मिळून लागतात २२. म्हणजे शेजारी एकमेकांना शिवत नाहीत, दीड मिलिमीटर उरतो. शिवले तर सगळंच जाम, कारण दोघांनाही एकाच दिशेने फिरायचंय.

डबीचा आतला व्यास ९० मिमी, भिंत २ मिमी. फिरवायला वेगळं बटण नको. बाहेरच्या एका गिअरला लागून १८ दातांचा सातवा गिअर डाव्या अंगाला बसवला तर त्याचे दाते भिंतीच्या फटीतून २ मिमी बाहेर डोकावतात. अंगठ्याला तेवढे पुरतात.

उंचीचा हिशेब: एकूण २४. त्यातून तळ २, गिअर ४, वरची जमीन १.५, झाकण २. उरले १४.५ मिमी. एवढ्यात गाड्या, झाडं, काउंटी ग्राउंडचा स्टँड. माणूस २० मिमीचा करायचा तर त्यालाही कमरेत वाकवावं लागेल. ब्लूबर्डने ज्या भिंतीवर डोकं आपटलं असेल तीच माझ्यासमोर आली आणि उत्तरही तेच. मजा वाटली.

रविवार, १८ मे

गिअर रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर छापले. दातांमध्ये ०.१ मिमी खेळ (मोकळी फट) ठेवला तर घट्ट होतात, ०.२ला मोकळे फिरतात. आसाच्या खुंट्यांवर किंचित सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेली नाही, ती धूळ धरते.

स्टँड झाकणाला चिकटवला नाही. तो तळात, मागच्या बाजूला आडवा झोपतो. झाकण उघडताना त्याला जोडलेली पट्टी त्याला ओढून उभा करते, पुस्तकातून चित्र उभं राहतं त्या पद्धतीने. बिजागरीजवळ उंच काही चालत नाही म्हणाले होते, पण झोपलेली वस्तू बुटकीच.

सोमवार, २६ मे

बँक हॉलिडे, पाऊस. खटक्यावरून घरात वाद. अमितचं म्हणणं, "दोन छोटे मॅग्नेट लाव, विषय संपला." त्याला नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. पॉली पॉकेटच्याच पुढच्या काळातल्या संचांत छोटे मॅग्नेट होते, ते निखळायचे. अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये सुमारे २४ लाख संच परत मागवले, ऑगस्ट २००७ मध्ये आणखी सुमारे ७३ लाख. एकाहून जास्त मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, शस्त्रक्रियेची वेळ येते. अमित गप्प झाला. मग म्हणाला, "मग तुझी रोजची क्लिपच कर की."

तेच करतेय. जीभ १० मिमी लांब, १.२ जाड, ०.५ची पकड. वाकताना मुळाशी सुमारे ०.९ टक्के ताण येतो, चिवट रेझिनला सोसवेल. छापताना जीभ आडवी ठेवायची, म्हणजे थर तिच्या लांबीच्या दिशेने पडतात. उभी छापली तर ती थरांच्या सांध्यावरच मोडते. गुलाबी डबीच्या तुटक्या खटक्यावरही इलाज केला: एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून लापशी केली, ती थरावर थर लावून वाळवली, मग कानसेने आकार दिला. खालून रंगाचा फरक दिसतो. दिसू दे.

शनिवार, ७ जून

रंगकाम. वर्तुळांची बेटं हिरवी, रस्ते करडे, रेघा पांढऱ्या विनाइल स्टिकरच्या. गाड्या ८ मिमीच्या, पोटाखाली खुंटी, चकत्यांमध्ये खाचा. ओवीने एक गाडी लाल, एक पिवळी केली आणि तिसरीवर बारीक ब्रशने काळे-पिवळे पट्टे ओढून "मुंबईची टॅक्सी" म्हणून जाहीर केलं. स्विंडनच्या चौकात काळी-पिवळी. हरकत घेणारी मी कोण? इथल्या मँचेस्टर रोडवर फिश करी आणि पोईच्या गप्पा ऐकू येतात, या गावात गोंयकार इतके आहेत की एक टॅक्सी खपून जाईल.

झाकणात आकाश. स्टिकरच, सपाट. झाडं पुढच्या कडेला, १३ मिमी उंच.

रविवार, १५ जून

क्लेची परीक्षा. क्लिंग फिल्म, क्ले, झाकण. सगळ्यांत पातळ जागा टॅक्सीच्या टपावर, ०.६ मिमी. बाकी सगळीकडे १च्या वर. टॅक्सीचं चाक थोडं घासून तिला खाली आणलं.

शेजारच्या घरातलं दीड वर्षाचं बाळ आमच्याकडे येत-जात असतं. म्हणून खेळण्यांच्या तपासणीतलं नळकांडंही छापलं: ३१.७ मिमी व्यासाचं, तळ तिरका, २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत खोल. यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. माझी माणसं, गाड्या, झाडं सगळं मावलं. जुनी पॉलीही मावली. तेव्हा बाळ आलं की डबी फ्रिजच्या वर. हा नियम ओवीनेच कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलाय, खाली स्वतःची सही.

शनिवार, २१ जून

जोडणी पूर्ण. अंगठ्याने दाते ओढले की पाच चकत्या काट्यांप्रमाणे, मधली उलटी, काळी-पिवळी तिच्या बेटाभोवती फेऱ्या मारते. एक खोड उरलीय: दिशा बदलताना मधली चकती थोडा वेळ दम खाते, मग हलते. प्रत्येक दातातला खेळ साठत जातो, त्याचा परिणाम. मधल्या गिअरचे दाते किंचित जाड करून नव्याने छापणार.

आईने डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. चौकातून गाडी फिरवत म्हणाली, "इथे बरं आहे, मला डोळे मिटावे लागत नाहीत." मग विचारलं, "यात ठाणे स्टेशन बसेल का गं?"

स्टेशन लांबट असतं, डबी गोल. पेन्सिल बॉक्सच्या आकाराची करावी लागेल, बिजागरी लांब बाजूला. पादचारी पूल उंच येणार, म्हणजे झाकणात त्याच्यापुरता खड्डा हवा. प्लॅटफॉर्मची नावं आजीकडून लिहून घ्यायची. दहा प्लॅटफॉर्म बसवायचे तर रुंदी पुरत नाही, आजी म्हणते जुने चारच दाखव. पहिला आराखडा पुढच्या शनिवारी.